एक मैदान, दोन पराभव

नाटकांची परीक्षणे लिहिणाऱ्या माणसाने फुटबॉलकडे का वळावे, हा प्रश्न संपादकांनी मला विचारला नाही, बायकोने विचारला. बेळगावात पस्तीसएक वर्षे मी संगीत नाटकांपासून गणेशोत्सवातल्या एकांकिकांपर्यंत जे समोर येईल ते पाहिले आणि त्यावर लिहिले. या सवयीचा एक दुर्गुण असा की, माणूस कुठेही बसला तरी प्रेक्षकांचे बोलणे ऐकत राहतो. मध्यंतरात चहाच्या टपरीवर जे कानावर पडते त्यात अर्धे परीक्षण तयार असते. उरलेले अर्धे, ते बोलणे कुठे चुकते हे शोधण्यात जाते.

2025 च्या दिवाळीत मडगावला, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर मी आठ दिवसांच्या अंतराने दोन सामने पाहिले. 14 ऑक्टोबरला भारत सिंगापूरकडून हरला. 22 ऑक्टोबरला, म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळी, एफसी गोवा हा संघ सौदी अरेबियाच्या अल नासरकडून हरला. दोन्ही पराभव 2-1 असेच. तरी पहिल्या सामन्यानंतर माणसे माना खाली घालून पार्किंगकडे गेली आणि दुसऱ्यानंतर टाळ्या वाजवीत. या दोन बाहेर पडण्यांतला फरक मला गेले कित्येक महिने स्वस्थ बसू देत नाही.

माझी ताई मडगावला दिलेली. भाऊबीजेला चोर्ला घाट उतरून तिच्याकडे जायचे, हा आमचा जुना रिवाज. त्या वर्षी सामन्यासाठी म्हणून आठवडाभर आधीच गेलो. सोबत माझे एक शेजारी होते: बँकेतून निवृत्त झालेले, घरी कानडी, बाजारात मराठी आणि फुटबॉलच्या बाबतीत कट्टर बेंगळुरू. ताईचे यजमान, आमचे भावोजी, हे पंचाहत्तरीचे गोवेकर. घरी कोकणी, सकाळी वाचायला मराठी पेपर, आणि आयुष्यभराची निष्ठा धेंपो क्लबावर. आपल्यापैकी बरेच जण ज्या घराण्याचा ‘नवप्रभा’ वाचतात त्याच घराण्याचा हा संघ, हे त्यांचे आवडते वाक्य. चौथा ताईचा नातू, सोळा वर्षांचा. त्याच्या अंगात एफसी गोव्याची नारिंगी जर्सी असते आणि तो फारसे बोलत नाही.

पहिल्या सामन्याचे कथानक थोडक्यात सांगतो. 2027 च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी चालू होती. आधीच्या तीन सामन्यांत भारताच्या पदरी दोन बरोबऱ्या आणि हाँगकाँगविरुद्धचा एक पराभव. पाच दिवसांपूर्वी सिंगापुरात कशीबशी 1-1 बरोबरी साधली होती, पण संदेश झिंगनला तिथे लाल कार्ड मिळाल्याने तो फातोर्ड्याला नव्हता. जिंकणे भागच होते. चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला तेव्हा भावोजींनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-यंगने बरोबरी केली, आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. त्यानंतर अर्धा तास उरला होता. त्या अर्ध्या तासावरच मला लिहायचे आहे, कारण सामना तिथे कळला.

त्या अर्ध्या तासात आपली मुले धावली नाहीत असे नाही. चेंडू बाजूने पुढे जाई, तिथून गोलसमोर येई, आणि तिथे ज्याने असायला हवे तो नसे. किंवा असे, पण क्षणभर उशिरा. नाटकात मी हे शंभरदा पाहिले आहे. सगळी पात्रे आपापले संवाद चोख म्हणतात, प्रवेश रंगत जातो, आणि ज्या वाक्यावर पडदा पडायचा ते वाक्य घ्यायला रंगमंचावर कोणी उभेच नसते. सिंगापूर हा काही थोर संघ नव्हे. पण त्यांचे ते वाक्य म्हणणारा माणूस जागेवर होता, दोन्ही वेळा.

भारत स्पर्धेबाहेर पडला. परतताना गाडीत जे झाले ते साऱ्या देशात चहाच्या टपऱ्यांवर चाललेल्या वादाची नक्कल होती. भावोजी म्हणाले, “या लीगनं वाटोळं केलं. पूर्वी लीग नव्हती तेव्हा आपण आशिया जिंकला होता.” शेजारी म्हणाले, “लीग नसती तर तुम्ही आज स्टेडियमात आलाच नसता. टीम हरली ती फेडरेशनमुळं, कोचमुळं. लीगचा काय संबंध?” मी दोघांनाही मान डोलावली. परीक्षकाची ही जुनी लबाडी आहे.

आता दोन्ही बाजू नीट तपासू. भावोजींचा सुवर्णकाळ खराच आहे. 1951 साली दिल्लीत इराणला हरवून सुवर्णपदक, 1956 ला मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक, 1962 ला जाकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 ने नमवून पुन्हा सुवर्ण. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा आमच्या भावोजींच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या जरासा खाली असतो. पण हे यश शून्यातून आले नव्हते. जाकार्ताच्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. म्हणजे देशपातळीवरची लीग नव्हती, तरी घरगुती स्पर्धांची गच्च वीण होती. 2024 साली रहीम यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला. सामन्यांची दृश्ये उत्तम, अजय देवगणचे संयत काम पाहण्यासारखे. पण चित्रपटभर रहीम एकटे विरुद्ध सगळे जग असा मामला. ज्या मैदानांनी आणि क्लबांनी ते खेळाडू घडवले, ती मैदाने चित्रपटात जेमतेम दिसतात. आपली सुवर्णकाळाची आठवण नेमकी अशीच झाली आहे: एक महापुरुष, एक पदक, मागे पडदा कोरा. शिवाय तो चित्रपट लागला त्याच्या जेमतेम पंधरा दिवस आधी गुवाहाटीत आपण अफगाणिस्तानकडून हरलो होतो, तेव्हा थिएटरात रडणाऱ्यांच्या रडण्याला दोन अर्थ होते.

शेजाऱ्यांचा मुद्दाही पोकळ नाही. इंडियन सुपर लीग 2014 च्या ऑक्टोबरात आठ संघांनिशी सुरू झाली. मार्च 2015 मध्ये भारत जागतिक क्रमवारीत 173 व्या स्थानावर घसरला होता. जुलै 2017 मध्ये तो 96 व्या स्थानी होता. 2019 च्या आशियाई चषकात थायलंडला 4-1, त्याच वर्षी दोह्यात आशियाई विजेत्या कतारशी 0-0. 2023 मध्ये एका वर्षात तीन चषक. हे सांगताना शेजाऱ्यांचा आवाज चढतो आणि मग ते बेंगळुरूने 2016 मध्ये एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठली त्यावर येतात. तिथे मी त्यांना थांबवतो. कारण तेव्हा बेंगळुरू या झगमगत्या लीगमध्ये नव्हताच. तो जुन्या आय-लीगमध्ये होता आणि 2017 ला इकडे आला. हे त्यांना दर वेळी सांगावे लागते आणि दर वेळी ते चष्मा पुसू लागतात.

2023 नंतरची उतरण मात्र कोणालाच समजावून सांगता येत नाही. जानेवारी 2024 च्या आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव, गोल एकही नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्यात बांगलादेशाकडून 1-0 पराभव, बावीस वर्षांनी. आणि क्रमवारीत 142.

या वादात एक अजब पुरावा आपल्याच मैदानावर पडून आहे आणि तो कोणी उचलत नाही. 2024-25 च्या मोसमात मानोलो मार्केझ हे स्पॅनिश गृहस्थ एकाच वेळी एफसी गोव्याचे आणि भारताचे प्रशिक्षक होते. दुहेरी भूमिका म्हणतात ती. गोवा त्या मोसमात लीगमध्ये दुसरा आला आणि मे 2025 मध्ये सुपर कप जिंकला. भारताने त्यांच्या हाताखाली आठ सामने खेळून एक जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. दिग्दर्शक एक, तालमीची पद्धत एक, संच मात्र दोन. आता कोचला शिव्या देऊन भागेल का? फरक संचात शोधला पाहिजे.

गोव्याच्या संचात मधल्या खांबांवर कोण उभे होते ते पाहा. आघाडीला अल्बानियाचा सादिकू, मध्यभागी मॅकह्यू आणि बोर्हा हेरेरा, बचावात झिंगनच्या जोडीला ओनाइंडिया. आपली पोरे बाजूने धावणारी. भारताच्या संघात जेव्हा हे खांब काढून घेतले, तेव्हा त्या जागा कोणी घ्यायच्या? मार्केझ यांनी मार्च 2025 मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलावले. तो तेव्हा चाळीस वर्षांचा. उतारवयातल्या बालगंधर्वांना पाहायला लोक जात ते भक्तीने जात. पण नाटक मंडळीचा कारभार भक्तीवर चालत नाही हे त्या मंडळीनेही अनुभवले.

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी उरुसात नाटक होई. नायक आणि नायिका मुंबई-पुण्याहून, बिदागी देऊन. गावातली मंडळी हवालदार, नोकर, नायकाचा मित्र. नाटक रंगे, तंबू भरे, गावाला अभिमान वाटे. पण मग कधी स्पर्धेसाठी गावाचे स्वतःचे नाटक बसवायची वेळ आली की उत्तम हवालदार पाच मिळत आणि नायक एकही नाही. नायकाची भूमिका करायची म्हणजे अडीच तास नाटक खांद्यावर वाहायचे. ते पाहून येत नाही, चुकतमाकत करूनच येते.

सुपर लीगच्या पहिल्या मोसमात अकरापैकी सहा परदेशी खेळाडू मैदानावर असत. 2017-18 पासून पाच, 2021-22 पासून चार. आकडा घटला, पण जागा त्याच राहिल्या: आघाडी, मध्य, बचावाचा मधला खांब. 2014 पासून 2024-25 पर्यंत अकरा मोसम झाले. या अकरा मोसमांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळाला नाही. आमच्या गोव्याच्या कोरोमिनासने तो दोनदा मिळवला, 18 आणि 16 गोल करून, आणि त्या गोलांवर मीही नाचलो आहे. 2024-25 मध्ये भारतीयांत सर्वांत जास्त गोल कोणाचे? चौदा, छेत्रीचे.

इथे एक कबुली देतो. लीग नवी होती तेव्हा मी एका अंकात कौतुकाने लिहिले होते की, थोर नटांबरोबर उभे राहूनच नवे नट घडतात. ते वाक्य माझे मलाच आवडले होते. ते अर्धवट होते. बरोबर उभे राहिल्याने नट घडतो हे खरे. पण कायम बाजूला उभा राहिल्याने तो बाजूला उभा राहण्यातच पटाईत होतो, ही दुसरी बाजू मला तेव्हा दिसली नाही.

भावोजींच्या दुःखाची जात मात्र वेगळी आहे, आणि ती बाहेरच्याला कळत नाही. 2006-07 ची राष्ट्रीय लीग धेंपोने जिंकली. त्यानंतर आय-लीग आली, तिचे पहिले सहा मोसम असे: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सलग सात वर्षे देशाचे विजेतेपद मांडवी-झुआरीच्या मुलखाबाहेर गेले नाही. धेंपोच्या पाचही विजेतेपदांमागे आर्मांदो कुलासो, घरचाच माणूस. ब्रह्मानंद शंखवाळकरांनी गोलात उभे राहून देशाचे नेतृत्व केले ते याच मातीतून. मग 2014 आले. खाणबंदी 2012 पासूनची, त्यामुळे काही मालकांचे हात आधीच आखडलेले. आणि नव्या लीगला जागा करून देण्यासाठी जुन्या क्लबांना खालच्या पायरीवर बसवायचे ठरले. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो 2024-25 मध्ये परत आला खरा. पण त्या मोसमाच्या आय-लीगचा विजेता आधी चर्चिल म्हणून जाहीर झाला आणि जुलैमध्ये क्रीडा लवादाने चषक इंटर काशीला दिला. “आता गोल कोर्टात मारतात,” भावोजी म्हणाले.

लीग वाढली असे म्हणतात तेव्हा मला नेहमी विचारावेसे वाटते, वाढली ती रुंदीने की मुळाने? पुण्याचा संघ 2019 मध्ये गुंडाळला, त्याच्या जागी हैदराबादला संघ आला. हैदराबादने 2022 मध्ये याच फातोर्ड्यावर विजेतेपद मिळवले. 2025 मध्ये तो संघ बिऱ्हाड आवरून दिल्लीला गेला. ज्या शहराने रहीम दिले त्या शहराचा संघ आज वरच्या लीगमध्ये नाही, आणि बालेवाडीत आरडाओरडा करणाऱ्या पुण्याच्या पोरांनी आता कोणाचा झेंडा धरायचा? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर जा. तिथे पेठ हललेली नाही, त्यामुळे पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना आजही घराघरांत फूट पाडतो. त्याच शहरातून अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. जपानचे उदाहरण सगळे देतात, की 1993 ला लीग सुरू केली आणि 1998 ला विश्वचषकात पोचले. पण तिथे क्लबाने गावाशी नाते बांधून घ्यायचे आणि स्वतःची कुमारांची फळी चालवायची, हे लीगच्या नियमांतच होते. 1962 ला जाकार्तात याच जपानला आपण 2-0 ने हरवले होते. असो.

आणि ही रुंदीही टिकेल याचा भरवसा नाही. फेडरेशनचा व्यापारी भागीदाराशी असलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपला. त्याआधी नव्या निविदा मागवल्या, मुदतीत एकही बोली आली नाही. जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी 14 फेब्रुवारीची तारीख जाहीर केली: चौदा संघ, एकेरी फेरी, 91 सामने. अकरा वर्षांच्या भरभराटीनंतर हंगाम होणार की नाही हे मंत्र्यांच्या तोंडून कळावे, यावर शेजाऱ्यांनीही काही बचाव केला नाही.

दोघांच्याही मांडणीत न बसणारी एक गोष्ट मी मुद्दाम काढली. जुलै 2025 मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला थायलंडमध्येच 2-1 ने हरवून आशियाई चषक गाठला. त्यांच्या लीगला झगमगाट नाही. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. गाडीत क्षणभर शांतता झाली. मग दोघेही एकदमच म्हणाले, “ते वेगळं.” वेगळे का, ते कोणी सांगितले नाही.

पाडव्याच्या रात्री अल नासर आले. रोनाल्डो आलाच नाही. त्याच्या नावाच्या सात नंबरच्या जर्स्या घालून आलेली पोरे हिरमुसली, पण सादियो माने होता, जुआंव फेलिक्स होता. सत्तावीस मिनिटांत पाहुण्यांचे दोन गोल झाले आणि आता किती होतात हे मोजायची तयारी आम्ही केली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने एक परत केला. गोव्याचाच पोरगा. शेजारच्या रांगेतली एक म्हातारी बाई उभी राहून “आमचो, आमचो” म्हणत होती. उत्तरार्धात आणखी गोल झाला नाही. टाळ्या त्याला होत्या. मी सगळ्यांबरोबर वाजवल्या, आणि वाजवता वाजवता लक्षात आले की, सिंगापूरविरुद्ध आम्ही जिंकायला आलो होतो, आज शोभून हरायला. क्लबाकडून आपण शोभेची अपेक्षा करतो, देशाकडून निकालाची. म्हणून तोच 2-1 एकदा नामुष्की वाटतो आणि एकदा अभिमान. खेळ म्हणून पाहिले तर दोन्ही रात्री उणीव तीच होती. दोन्ही रात्री शेवटच्या अर्ध्या तासात ते एक वाक्य घ्यायला कोणी नव्हते.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी नातवाला विचारले, की तू कुठल्या जागेवर खेळतोस? तो गावच्या संघात सेंटर फॉरवर्ड होता हे मला ठाऊक होते. गेल्या वर्षी त्याने एका मोठ्या क्लबाच्या कुमार संघासाठी चाचणी दिली. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याचे कौतुक केले, आणि सांगितले की वेग चांगला आहे, तेव्हा बाजूला खेळायची सवय कर. वर गेल्यावर मधली जागा तुम्हाला मिळत नसते. तेव्हापासून तो उजवीकडून धावतो. चांगला धावतो, असे भावोजी म्हणतात.

ताईने फराळाचे ताट पुढे सरकवले. नातवाने एक करंजी उचलली, थोडा वेळ तशीच हातात धरली आणि म्हणाला, “मामाआजोबा, बेळगावात कुणाला सेंटर फॉरवर्ड हवाय का हो?”

आमच्याकडे तिलकवाडीत लेले मैदानावर संध्याकाळी पोरे खेळतात, त्यांना नेहमीच एक माणूस कमी पडतो, असे मी त्याला सांगितले. सुटीत येतो म्हणाला.